२३,४१२ न वाचलेले मेल : आवरायचं कुठून?

वळचण

गेल्या आठवड्यात फोन बदलला. नव्या फोनने मेलच्या चिन्हावर लाल टिकली लावली आणि तिच्यात आकडा दिसला : २३,४१२. जुन्या फोनवर ती टिकली मी कधीतरी बंद करून टाकली होती, म्हणून इतकी वर्षं झाकली मूठ राहिली. शिवाय खात्याची जागा ९१ टक्के भरल्याची पट्टी रोज डोळ्यांसमोर नाचते ती वेगळीच.

काल रात्री धीर करून पहिलं पान उघडलं आणि त्यावरचे पन्नास मेल मोजले. जित्याजागत्या माणसाने मला उद्देशून लिहिलेले त्यात चार. बाकी सवलतींच्या जाहिराती, 'तुमच्या फोटोवर अमुकने प्रतिक्रिया दिली' छाप सूचना, मुदत संपलेले ओटीपी, आणि सगळ्यात मोठा गठ्ठा न्यूजलेटरांचा. हा गठ्ठा कुणी माझ्या गळ्यात मारलेला नाही, हे कबूल करायला हवं. भाषाशास्त्राचं एक, बागकामाची दोन, संगणकातल्या घडामोडींची पाच की सहा, एक पुस्तकांचं, एक नुसत्या नकाशांचं. प्रत्येक वेळी वाटलं होतं, हे आपण वाचणार. एक ना धड भाराभर चिंध्या.

आता सुरुवात कुठून करू? सगळं सरसकट उडवू? फोल्डर करत बसू? की हे आपोआप करणारं एखादं अ‍ॅप लावू? माझं खातं जीमेलचं आहे. ऑफिसचं आउटलुक आहे, पण ते बऱ्या अवस्थेत आहे, कारण तिथे उत्तर दिलं नाही तर लोक खुर्चीपाशी येऊन उभे राहतात.

जुनाजाणता

वळचणताई, एकेक मेल उघडून निकाल लावायला बसू नका. एका मेलला पाच सेकंद धरले तरी साडेबत्तीस तास होतात.

संगणकावर ब्राउझरमध्ये खातं उघडा, फोनवर हा उद्योग नको. शोधपट्टीत एका पाठवणाऱ्याचा पत्ता टाका आणि यादीच्या डोक्यावरच्या चौकोनात खूण करा. तेवढ्याने फक्त समोरच्या पानावरचे मेल निवडले जातात. मग वर एक बारीक ओळ उगवते : या शोधात बसणारी सगळी संभाषणं निवडा. बहुतेकांना ती ओळ दिसतच नाही आणि ते पन्नास-पन्नासच्या घासांनी डोंगर खात बसतात. ती दाबलीत की एका पाठवणाऱ्याचे दोन हजार मेल एका फटक्यात जातात. कचराकुंडीत ते ३० दिवस राहतात, म्हणजे चूक झाली तर परत आणता येतात. मात्र तोवर ते जागाही अडवून ठेवतात.

जागेचं म्हणाल तर न्यूजलेटरं उडवून ती फारशी सुटणार नाही. त्यांतली चित्रं बहुधा पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतात, मेल स्वतः किरकोळ असतो. जीमेलचे फुकटचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. शोधाच्या प्रगत पर्यायांमध्ये आकार देता येतो. दहा एमबीपेक्षा मोठे मेल शोधा. माझ्याकडे अशा जेमतेम दीडशे मेलांनी जवळजवळ तीन जीबी व्यापले होते. त्यातले निम्मे मीच मला पाठवलेले फोटो होते.

रातकिडा

मी एवढंही करत नाही. महिन्याहून जुनं सगळं निवडलं आणि 'आर्काइव्ह' दाबलं. विषय संपला.

याला चक्क नाव आहे, ईमेलची दिवाळखोरी. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी २००४ मध्ये ती जाहीर केल्यापासून हा शब्द रुळला. पत्रांना उत्तरं देणं आता शक्य नाही, महत्त्वाचं असेल तर पुन्हा लिहा, एवढं सांगून मोकळं व्हायचं. आर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे. मेल इनबॉक्समधून हलतो पण 'ऑल मेल'मध्ये असतोच, शोधला की सापडतो, आणि कुणी त्याला उत्तर दिलं तर आपल्या पायांनी इनबॉक्समध्ये परत येतो.

टिचकी

रातकिडा, तुमचा इनबॉक्स आज रिकामा झाला. पुढच्या महिन्यात काय? नळ वाहता ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार आहे हा.

आधी आवक थांबवा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी 'अनसबस्क्राइब' दिसतं ना, ते वापरा. मेलच्या तळाशी बारीक, फिक्या अक्षरांत लपवलेला दुवा असतो त्याच्या नादाला शक्यतो लागू नका. त्या दुव्यावरून आपण पाठवणाऱ्याच्या पानावर जातो आणि तिथे 'खरंच जाताय?', 'का जाताय?', 'आठवड्यातून एकदाच पाठवू का?' अशी उलटतपासणी सुरू होते. वरचं बटण वेगळ्या वाटेने चालतं. प्रत्येक यादी-मेलच्या शीर्षात, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या भागात, सदस्यत्व रद्द करण्याचा पत्ता देण्याची पद्धत १९९८ पासून आहे. २०१७ च्या आरएफसी ८०५८ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकाने त्यात एका टिचकीचं रद्द करणं आणलं (माझं सदस्यनाम त्याआधीचं आहे). बटण दाबलं की तुमची मेलसेवा परस्पर त्या पत्त्यावर विनंती धाडते. आपण कुठल्या पानावर जात नाही, कुठे लॉगिन करत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांवर नियम लावले, त्यात हे आलं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याने एका टिचकीची सोय द्यायची आणि दोन दिवसांत विनंती अमलात आणायची. त्यामुळे पूर्वी 'रद्द करून काही होत नाही' म्हणून हात टेकलेल्यांनी आता पुन्हा एकदा करून बघावं.

आणि २०२५ मध्ये जीमेलने डावीकडच्या पट्टीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' असं पान दिलं. जास्त मेल पाठवणारे त्यात वर दिसतात. तुम्हाला दिसत असेल तर तिथूनच सुरुवात करा. वरचे दहा जण उडाले की घर निम्मं शांत होतं.

अडगळ

टिचकी, तुमच्या तोंडात साखर पडो, पण माझा अनुभव निराळा आहे. एकाच दुकानदाराला मी तीनदा रद्द केलं. तरी येतातच. शेवटी स्पॅम म्हणून टाकायला लागलो. आता तर ज्याचा कंटाळा येईल त्याला स्पॅम. बटण एकच, डोक्याला ताप नाही.

टिचकी

अडगळ, तीनदा रद्द केलंत ते बहुधा एकाच यादीतून नव्हतं. मोठे पाठवणारे एका पत्त्याला पाच-सहा याद्यांत टाकतात : सवलती, नवी उत्पादनं, 'तुमच्यासाठी निवडक', वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुम्ही एक फांदी तोडली, झाड उभंच. अशा वेळी मात्र तळाच्या दुव्यावरून त्यांच्या 'प्रेफरन्सेस'च्या पानावर एकदा जावं आणि सगळ्या खुणा काढाव्यात. दुसरं, पावत्या, पासवर्ड बदलाच्या सूचना, खात्याच्या अटी बदलल्याची पत्रं ही न्यूजलेटरं नव्हेत. ती खातं आहे तोवर येणारच. नकोशी असतील तर खातं बंद करायचं. आणि कधीकधी आपल्या जुन्या पत्त्यावरून मेल पुढे ढकलले जात असतात. रद्द करताना नवा पत्ता नोंदला जातो, यादीत असतो जुना.

जुनाजाणता

स्पॅमबद्दल माझे दोन शब्द. मागितलेलं न्यूजलेटर कंटाळा आला म्हणून स्पॅममध्ये टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. गूगलच्या नियमांत तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवा असं आहे. हजारातल्या तिघांनी ते बटण दाबलं की प्रामाणिक पाठवणाऱ्याचेही मेल इतरांच्या स्पॅममध्ये पडू लागतात. अर्थात बटण सापडू न देणारा, किंवा रद्द करूनही पाठवतच राहणारा, संन्यासी नाही. त्याला खुशाल टाका.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. कधीच न मागितलेला, अनोळखी, संशयास्पद मेल असेल तर त्याच्या तळाचा 'अनसबस्क्राइब' दाबू नका. हा पत्ता जिवंत आहे आणि मागे माणूस बसलेला आहे, एवढंच त्याला कळतं. कधी तो दुवा थेट खोट्या लॉगिन पानावर नेतो. तिथे स्पॅमच.

(विषयांतर : ही कटकट आजची नाही. संगणक कंपनी डीईसीच्या गॅरी थर्क यांनी ३ मे १९७८ रोजी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी आपल्या यंत्रांची जाहिरात धाडली. लोक तेव्हाही चिडले होते, आणि यंत्रं तेव्हाही विकली गेली होती.)

शब्दपिशवी

फोल्डरांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. माझ्याकडे ४२ आहेत. घर, विमा, शाळा, पुस्तकं, पुस्तकं-मागवलेली, पुस्तकं-परत करायची... दर रविवारी तासभर बसते आणि लावते. हसू नका.

रातकिडा

हसत नाही, पण तो तास वाया जातोय असं शास्त्र म्हणतं. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये स्टीव्ह व्हिटेकर यांच्यासोबत ३४५ जणांचा मेल-वापर तपासला. लोक जुना मेल कसा शोधतात याच्या ८५,००० हून जास्त नोंदी होत्या. फोल्डरं नीट लावणाऱ्यांना मेल जास्त हमखास सापडत नव्हता, उलट फोल्डरांत हुडकायला शोधपट्टीपेक्षा जास्त वेळ लागत होता. लावण्यात गेलेला वेळ त्याहून वेगळा.

शब्दपिशवी

हा अभ्यास मीही ऐकलाय, आणि कुणी ना कुणी तो माझ्या तोंडावर फेकतंच. पण त्या लोकांना माझ्या मावशीचे मेल येत नव्हते.

शोधायला शब्द आठवावा लागतो. माझ्या घरचे सगळे मराठी मेल रोमन लिपीत लिहितात. 'कागदपत्रं' हा शब्द मावशी एका 'ए'ने लिहिते, भाऊ दोन 'ए'ने, आणि वहिनी मधला 'द' गाळून. देवनागरीत शोधलं तर यातलं काहीच सापडत नाही, रोमनमध्ये शोधलं तर कुठल्या स्पेलिंगने? विषयाच्या रकान्यात तर सगळ्यांचं एकच असतं : 'हाय'. असे मेल आले त्या दिवशीच लेबल लावलं नाही तर ते गेलेच म्हणायचे. दुकानांच्या पावत्यांना शोध पुरतो, मान्य. माणसांच्या पत्रांना नाही पुरत.

टिचकी

हे पटलं. मावशीच्या स्पेलिंगचा मुद्दा मी कुठल्याच लेखात वाचला नव्हता. लेबल फक्त माणसांना आणि कागदपत्रांना, बाकी सगळं शोधावर, असा तोडगा निघेल का? ४२ चे सहा होतील.

शब्दपिशवी

नऊपर्यंत येते. 'पुस्तकं-परत करायची' सोडणार नाही.

मधलं_पान

धागा वाचतोय आणि एक जखम खाजवावीशी वाटतेय. इथे अजून कुणी सुचवलेलं नाही, पण सुचवणार हे नक्की, म्हणून आधीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मला कुठेतरी एक युक्ती सापडली. ज्या मेलमध्ये 'अनसबस्क्राइब' हा शब्द आहे तो न्यूजलेटर समजायचा आणि फिल्टर लावायचा : इनबॉक्स टाळा, वाचलेला म्हणून खूण करा, 'नंतर' असं लेबल लावा. एका ओळीचा फिल्टर. लावला आणि इनबॉक्स असा काही स्वच्छ झाला की दोन महिने मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

त्या वर्षी मी एका प्रमाणपत्र परीक्षेला अर्ज केला होता. परीक्षेची तारीख बदलल्याचा मेल आला, केंद्राचा पत्ता असलेला मेल आला, आठवणीचा मेलही आला. संस्थेने ते तिन्ही एका घाऊक मेलसेवेतून धाडले होते. आणि अशा सेवा प्रत्येक मेलच्या तळाशी ती ओळ आपोआप चिकटवतात. तिन्ही मेल 'नंतर'मध्ये जाऊन पडले, वाचल्याची खूण लागून. मी जुन्या तारखेला जुन्या केंद्रावर गेलो. शिपायाने सांगितलं, परीक्षा गेल्या रविवारी झाली. फी गेली, वर्ष गेलं. दोष कुणाला देणार? संस्थेने तीनदा कळवलं होतं.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. फिल्टर शब्दावर नाही, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावायचा. मेहनत जास्त आहे, दर वेळी एक नाव घालावं लागतं, पण आपण नक्की कुणाला बाजूला काढतोय हे माहीत असतं. आणि 'वाचलेला म्हणून खूण करा' हा पर्याय फिल्टरमध्ये कधीच निवडायचा नाही. लेबलाशेजारी आकडा ठळक दिसू दे. तेवढी एक खिडकी उघडी राहते.

अडगळ

बाप रे. मी आत्ताच माझे फिल्टर बघून आलो. 'ऑफर' शब्दावर एक आहे. नोकरीचं 'ऑफर लेटर' त्यात गेलं असतं.

मधलं_पान

काढा तो आधी. मग तुमचा 'नंतर' म्हणा, 'प्रमोशन्स' म्हणा, तो कप्पा एकदा तरी वरपासून खालपर्यंत चाळा. जीमेलने २०१३ मध्ये 'प्रायमरी', 'प्रमोशन्स' असे जे टॅब आणले, तेही अंदाजानेच वर्गवारी करतात. चुकलेला मेल ओढून 'प्रायमरी'त टाकला की 'यापुढे असंच करू का' विचारतं, तिथे हो म्हणा.

वळचण

हे वाचून पोटात गोळा आला. बरं झालं, सरसकट काही करायच्या आधी विचारलं. अ‍ॅपचं कुणी बोललं नाही. सगळी सदस्यत्वं एका पडद्यावर दाखवून रद्द करून देतात म्हणे, तेही फुकट?

जुनाजाणता

फुकट म्हणजे कशाच्या बदल्यात, ते बघा. अशा अ‍ॅपला तुमची अख्खी मेलपेटी वाचायची परवानगी द्यावी लागते. अनरोल-मी नावाची सेवा यात फार लोकप्रिय होती. लोकांच्या मेलमधल्या पावत्यांची माहिती, नावं काढून, तिची मालक कंपनी बाजार-संशोधनासाठी विकते, हे २०१७ मध्ये उघड झालं. 'आम्ही तुमच्या वैयक्तिक पत्रांना हात लावत नाही' अशा अर्थाचं सांगून ग्राहकांची दिशाभूल केली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०१९ मध्ये तडजोड झाली. सगळीच अ‍ॅपं तशी असं मी म्हणत नाही. पण जे काम मेलसेवेतलं बटण करतं, त्यासाठी तिजोरीची किल्ली तिसऱ्याच्या हातात का द्यायची? पूर्वी कधी असं काही जोडलं असेल तर गूगल खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर जाऊन ती परवानगी काढून टाका. अ‍ॅप फोनवरून पुसलं तरी परवानगी तशीच राहते.

पोस्तमन_काका

उशिरा आलो. मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे न्यूजलेटर लिहिणारा. दर पंधरा दिवसांनी एक, साडेआठशे वाचक, विषय जुनी यंत्रं. त्यामुळे 'गठ्ठा', 'डोंगर', 'कटकट' हे शब्द वाचताना जरा टोचलं, पण खरं आहे ते.

सांगायचं एवढंच की रद्द करताना लाजू नका. पुष्कळ जण मला भेटल्यावर म्हणतात, 'अहो वाचायचं राहिलंय, पण ठेवलंय सगळं.' ठेवलेलं कुणी वाचत नाही हो, मीही वाचत नाही. न उघडणारे वाचक यादीत राहिले की मेलसेवांना वाटतं हे कुणाला नकोच आहे, आणि मग ज्यांना हवं त्यांच्याही प्रमोशन्समध्ये जातं. तुम्ही गेलात तर मला एक आकडा कमी दिसतो. त्या रात्री जेवण थोडं कमी जातं इतकंच. सकाळपर्यंत विसरतो.

'तुम्ही उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं' असं म्हणतात, तेही अर्धवट खरं आहे. मेलमध्ये एक ठिपक्याएवढं अदृश्य चित्र असतं, ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की उघडल्याची नोंद होते. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये संरक्षण आणलं. ते सुरू असेल तर ती चित्रं अ‍ॅपलच आधीच मागवून ठेवतं, तुम्ही मेल उघडा वा न उघडा. त्यामुळे माझ्या तक्त्यात निम्मे लोक अति-उत्साही दिसतात. मी तो तक्ता बघणं सोडलंय. जीमेलमध्ये तुम्हाला नको असेल तर सेटिंगमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' निवडा.

आणखी एक गंमत. जीमेल सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' असं देतं. रद्द करण्याचा दुवा नेमका त्या कापलेल्या शेपटीत असतो. काही जण मुद्दाम लांबण लावत असतील का, असा संशय मला बऱ्याच वेळा आलाय. माझं ९० केबीच्या आत असतं, हे जाता जाता.

वळचण

पोस्तमनकाका, जे खरंच वाचायचंय त्याचं काय करू? नकाशांचं मला मनापासून हवंय. पण ते ऑफिसला निघायच्या घाईत येतं, 'संध्याकाळी वाचू' म्हणते, आणि संध्याकाळपर्यंत ते तिसाव्या क्रमांकावर जातं.

पोस्तमन_काका

मग ते इनबॉक्समध्ये येऊच देऊ नका. इनबॉक्स ही कामाची जागा झाली आहे. तिथे वाचनाची वस्तू ठेवली की वाचनही काम वाटू लागतं. माझी पद्धत : आवडत्या पाच-सहा पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांवर एक फिल्टर, 'निवांत' लेबल, इनबॉक्स टाळा. मधलं_पान यांचा नियम पाळून, वाचल्याची खूण न लावता. शनिवारी सकाळी फक्त 'निवांत' उघडतो. सलग तीन अंक न उघडता राहिले तर ते न्यूजलेटर बंद. त्यात माझ्या मित्राचंही गेलं, त्याला सांगितलं नाही.

बऱ्याच न्यूजलेटरांची आरएसएस फीड, म्हणजे नवे अंक आपोआप दाखवणारी यादी, असते. ती फीडली किंवा इनोरीडरसारख्या फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये टाकली की मेलचा पत्ता द्यावाच लागत नाही. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा लोकांना वाटलं आरएसएस मेलं. छान चाललंय.

रातकिडा

नवीन सदस्यत्व घेताना अजून एक करा. जीमेलमध्ये तुमच्या नावापुढे, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. बागेच्या न्यूजलेटरला 'अधिक-बाग' लावलेला पत्ता द्यायचा. फिल्टर त्या पत्त्यावर. उद्या त्या 'बाग' पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या तर तुमचा पत्ता कुणी फोडला ते नावानिशी कळतं. काही संकेतस्थळं अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तेवढी अडचण. अ‍ॅपलच्या पैसे देऊन घेतलेल्या आयक्लाउडमध्ये खरा पत्ता लपवून बनावट पत्ता देण्याची सोय आहे, ती याहून पक्की.

टिचकी

ऑफिसच्या आउटलुकसाठी : तिथे 'स्वीप' नावाची सोय आहे. एका पाठवणाऱ्याचा फक्त ताजा मेल ठेव, किंवा दहा दिवसांहून जुने आपोआप हलव, असं सांगता येतं. बातमीपत्रांना हे फार उपयोगी, कालची बातमी कोण वाचतं? जीमेलच्या फिल्टरमध्ये असं मुदतीचं काही नाही, ही मोठी उणीव आहे.

उंबरठा

मी क्वचित लिहिते. एक सूचना करू का? सामाजिक माध्यमांच्या सूचना सरसकट उडवताना आधी 'कुणी कुणी' ते चाळा. मी मागच्या वर्षी असेच हजारो मेल निवडले होते. डिलीट करण्याआधी उगाच शेवटचं पान उघडलं. त्यात एका मैत्रिणीचा संदेश होता, सूचनेच्या मेलमध्ये अख्खा मजकूर. ती आता नाही, तिचं खातंही बंद झालंय. तो मजकूर फक्त त्या मेलमध्ये उरला होता.

वळचण

उंबरठा, थांबले. धन्यवाद.

जुनाजाणता

यावर उपाय आहे. काहीही मोठं उडवण्याआधी गूगल टेकआउटवरून सगळ्या मेलची प्रत उतरवून घ्या. एम्बॉक्स नावाच्या फाइलीत येते, थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल-अ‍ॅपमध्ये पूरक जोडणी घालून उघडता येते. ती प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि मग निर्धास्तपणे कुऱ्हाड चालवा. आणि कुठलं जुनं, न वापरातलं गूगल खातं असेल तर वर्षातून एकदा तरी त्यात लॉगिन करा. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कित्येकांच्या इतर खात्यांचे पासवर्ड परत मिळवायचा पत्ता तोच जुना असतो.

वळचण

तीन आठवड्यांनी परत आले. हिशेब देते.

आधी टेकआउटची प्रत घेतली, तयार व्हायला दीड दिवस लागला. मग मोठ्या आकाराचे मेल बघितले. जुनाजाणता, तुमचं बरोबर निघालं. २११ मेल काढले आणि कचराकुंडी रिकामी केली, तर ९१ टक्क्यांची ६३ वर आली. न्यूजलेटरांना तोवर हातही लावला नव्हता.

मग रोज रात्री दहा मिनिटं, रोज पाच पाठवणारे. आधी रद्द, मग त्यांचे जुने सगळे निवडून डिलीट. शब्दावर एकही फिल्टर नाही. एकूण ७४ ठिकाणांहून बाहेर पडले. त्यांतली ११ कसली आहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांनी रद्द केल्यावर 'आम्हाला तुमची आठवण येईल' असा मेल पाठवला, एकाने तो दोनदा पाठवला. 'निवांत'मध्ये पाच ठेवलीत. बागकामाचं एक रद्द केलं आणि चार दिवसांनी पुन्हा घेतलं. पोस्तमनकाका, तुमचं आता सहावं आहे.

फोनवरचा मेल दिवसातून तीनदाच बघायचा प्रयत्न चालू आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा २०१५ मधला एक प्रयोग वाचला. १२४ जणांना आठवडाभर तीनदाच मेल बघायला सांगितलं, त्या आठवड्यात त्यांचा ताण कमी भरला. मला पहिले चार दिवस ताण वाढलेलाच वाटला, पाचव्या दिवसापासून बरं वाटतंय.

एक गोष्ट अनपेक्षित झाली. जाहिराती आणि सूचना गेल्यावर माणसांचे मेल वर आले आणि त्यांतले किती अनुत्तरित आहेत ते दिसलं. १९. सगळ्यात जुना दोन वर्षांपूर्वीचा, कॉलेजातल्या मैत्रिणीचा, तीन परिच्छेद, शेवटी 'वेळ मिळेल तेव्हा लिही'. २३ हजारांच्या आड तो लपला होता, की मीच त्या २३ हजारांच्या आड लपले होते, देव जाणे.

शब्दपिशवी

लिहिलंस का तिला?

वळचण

काल लिहिलं. इतक्या उशिराबद्दल माफी मागण्यातच पहिला परिच्छेद गेला, तो खोडला आणि थेट तिच्या प्रश्नापासून सुरुवात केली. उरले १८.

अडगळ

वाचनखूण साठवली. 'ऑफर' फिल्टर काढला. त्यात खरंच एक मेल सापडला, विम्याच्या नूतनीकरणाचा, मुदत परवा. मधलं_पान, तुमचे उपकार आहेत.